नकाशातले शब्द: नगरनियोजनाची प्राथमिक परिभाषा

तत्त्वज्ञानाचा निवृत्त प्राध्यापक नगरनियोजनावर काय बोलणार, असं काहींच्या मनात आलं असेल. ते रास्तच आहे. मी नकाशे काढत नाही, बांधकामातलंही मला फारसं कळत नाही. पण शब्दांचे अर्थ लावणं हे आमचं कामच, आणि नगरनियोजन हा विषय आपण समजतो त्यापेक्षा पुष्कळच शब्दांचा आहे. तुमच्या घरासमोर मैदान राहणार की इमारत उठणार, हे पहिली वीट येण्याच्या कितीतरी वर्षं आधी एका शब्दानं ठरलेलं असतं. तो शब्द ज्या दिवशी लिहिला गेला त्या दिवशी हरकत घेता आली असती. वीट आली की नुसतं बघत उभं राहायचं.

तत्त्वज्ञानाचा या विषयाशी संबंध तसा जुना आहे. ॲरिस्टॉटलनं ‘पॉलिटिक्स’च्या दुसऱ्या पुस्तकात मिलेटसच्या हिप्पोडेमसची दखल घेतली आहे. हा इसवी सनापूर्वी पाचव्या शतकातला. अथेन्सच्या पिरायस बंदराची आखणी यानं केली. लांब केस, अंगावर किमती दागिने, कपडे मात्र स्वस्त आणि उबदार, उन्हाळ्यातसुद्धा तेच, असं त्याचं वर्णन ॲरिस्टॉटल करतो. ते लिहिताना त्याला जरा गंमत वाटत असावी. तर या हिप्पोडेमसनं नगराच्या जमिनीचे तीन भाग सांगितले: देवकार्याची, सार्वजनिक आणि खाजगी. सार्वजनिक जमिनीवर योद्ध्यांनी जगायचं. ॲरिस्टॉटलनं लगेच विचारलं, की ही सार्वजनिक जमीन कसणार कोण? योद्धे स्वतः कसणार असतील तर ते शेतकरीच झाले. हा प्रश्न लक्षात ठेवा. आपल्या महापालिकांना तो आजही सुटलेला नाही.

आता पहिला शब्द घेऊ: भूवापर. जमीन ही वस्तू आहे, वापर ही वस्तू नाही. जमीन कोणाची, हा एक प्रश्न. जमीन कशासाठी, हा दुसरा. आपल्याकडे या दोन प्रश्नांची उत्तरं वेगवेगळ्या कचेऱ्यांत मिळतात आणि लोकांचा गोंधळ तिथेच सुरू होतो. “सात-बारा अगदी स्वच्छ आहे” असं ऐकून माणूस जमीन घेतो. सात-बारा म्हणजे काय? गाव नमुना सात सांगतो जमीन कोणाच्या नावावर आहे, त्यावर कोणाचे हक्क, बोजे आहेत. गाव नमुना बारा सांगतो तिथे पीक कुठलं आहे. त्या जमिनीतून उद्या चोवीस मीटरचा रस्ता जायचा आहे की नाही, हे सात-बारा सांगत नाही. ते सांगणं त्याचं कामच नव्हे. त्यासाठी नगर रचना विभागाकडून झोन दाखला आणि भाग नकाशा काढावा लागतो. शहरात सिटी सर्व्हे झाला असेल तर सात-बाऱ्याऐवजी मालमत्ता पत्रक असतं, पण गोष्ट तीच. मालकी एका कागदावर, प्रयोजन दुसऱ्या.

प्रयोजनाचा हा कागद येतो कुठून? महाराष्ट्रात तो येतो महाराष्ट्र प्रादेशिक व नगर रचना अधिनियम, १९६६ या कायद्यातून. त्याआधी मुंबई इलाख्यात १९१५ चा नगर रचना कायदा होता, मग १९५४ चा. आजच्या कायद्यात तीन पातळ्या आहेत. पहिली प्रादेशिक योजना, म्हणजे जिल्ह्याएवढ्या किंवा त्याहून मोठ्या मुलखाची. दुसरी विकास योजना, एका शहराची. आपण हिला बोलताना ‘डीपी’ किंवा ‘विकास आराखडा’ म्हणतो. तिसरी नगर रचना योजना, एखाद्या भागापुरती. या तिसरीत मालकांच्या वेड्यावाकड्या जमिनी एकत्र करतात, रस्ते आणि मोकळ्या जागा काढून घेतात आणि उरलेली जमीन नीट आखून ज्याची त्याला परत देतात. आधीचा तो मूळ भूखंड, नंतरचा तो अंतिम भूखंड. वांद्रे, सांताक्रूझ भागात पत्त्यात ‘टीपीएस’ लिहिलेलं तुम्ही पाहिलं असेल, ते हेच. ही पद्धत मला पुष्कळ न्याय्य वाटते, कारण रस्त्याचा भार एकाच्या डोक्यावर न पडता सगळ्यांत वाटला जातो. पण वेळ फार खाते.

आज आपण मुख्यतः विकास योजनेबद्दल बोलू.

विकास योजनेत दोन नकाशे असतात, आणि माझ्या दृष्टीनं सगळा विषय या दोन नकाशांच्या मधल्या फटीत आहे. एक विद्यमान भूवापर नकाशा: आज जमिनीवर काय आहे ते. दुसरा प्रस्तावित भूवापर नकाशा: पुढे काय असावं ते. रंग दोन्हीकडे सारखेच. साधारणपणे पिवळा निवासी, निळा वाणिज्य, जांभळा औद्योगिक, लाल सार्वजनिक व निमसार्वजनिक, हिरवा मोकळ्या जागा आणि शेती. रंग सारखे असल्यामुळे दोन्ही नकाशे एकाच जातीचे वाटतात. तसे ते नाहीत. पहिल्यातला पिवळा म्हणजे “इथे घरं आहेत” हे विधान. ते खरं किंवा खोटं ठरू शकतं. जाऊन बघा, कळेल. दुसऱ्यातला पिवळा म्हणजे “इथे घरं असावीत” ही आज्ञा. तिला खरं-खोटं लागूच होत नाही. तिला उचित-अनुचित लागू होतं, न्याय्य-अन्याय्य लागू होतं. डेव्हिड ह्यूमनं अठराव्या शतकात बजावून ठेवलं, की नुसत्या ‘आहे’मधून ‘असावं’ निघत नाही, मधे काहीतरी घालावं लागतं. नगरनियोजनात मधे घालायची गोष्ट म्हणजे कोणाचं हित आपण पुढे ठेवतो, हा निर्णय. तंत्रज्ञ मंडळी कधी कधी असं बोलतात, की सर्वेक्षण केलं आणि त्यातून आराखडा आपोआप बाहेर पडला. असं होत नाही. कोणीतरी निवड केलेली असते.

पण याचा अर्थ ‘आहे’ला किंमत नाही असा करू नका. पॅट्रिक गेडिस हे स्कॉटिश गृहस्थ १९१४ साली हिंदुस्थानात आले. ठाणे, वांद्रे अशा गावांवर त्यांनी अहवाल लिहिले आणि १९१९ पासून मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र व नागरिकशास्त्राचे प्राध्यापक होते. त्यांच्यामागे ती धुरा डॉ. गो. स. घुर्ये यांनी सांभाळली. गेडिसांचा आग्रह एकच: आधी निदान, मग उपचार. गल्ल्यांतून पायी हिंडा, विहिरी बघा, माणसं कुठे बसतात ते बघा, आणि मग पेन्सिल हातात घ्या. एक सरळ रस्ता काढायला शेकडो घरं पाडण्यापेक्षा चार पडकी घरं काढून, वाट थोडी मोकळी करून काम होतं, हे त्यांनी आपल्याच गावांत दाखवलं. शंभर वर्षांनी मुंबईत काय झालं? फेब्रुवारी २०१५ मध्ये मुंबईची नवी प्रारूप विकास योजना प्रसिद्ध झाली आणि तिच्यात इतक्या चुका निघाल्या, की एप्रिलमध्ये ती मागे घेण्याची वेळ आली. सुधारित प्रारूप २०१६ साली आलं, मंजुरी २०१८ साली मिळाली. ‘आहे’ चुकलं की ‘असावं’ कसं कोसळतं, याचं इतकं ठळक उदाहरण दुसरं शोधायला नको.

आता विभाग आणि आरक्षण. विभाग म्हणजे झोन. तुमची जमीन निवासी विभागात आहे, म्हणजे तुम्ही तिथे घर बांधू शकता, काही मर्यादेत दुकान काढू शकता, कारखाना काढू शकत नाही. मालक तुम्हीच, विकास तुम्हीच करायचा, फक्त कुंपण घातलेलं. आरक्षणाचं तसं नाही. आरक्षण म्हणजे ही विशिष्ट जागा शाळेसाठी, मैदानासाठी, दवाखान्यासाठी, रस्त्यासाठी हवी आहे, असं नियोजन प्राधिकरणानं म्हणून ठेवलेलं असतं. नियोजन प्राधिकरण म्हणजे बहुतेक वेळा तुमची महापालिका किंवा नगरपालिका. आरक्षण पडलं म्हणून जमीन सार्वजनिक होत नाही. ती मालकाचीच राहते. त्याला तिथे दुसरं काही करता येत नाही आणि तुम्हाला तिथे खेळता येत नाही. ती कोणाच्याच उपयोगाची नसते. लोक नकाशावर हिरवा ठिपका बघतात आणि म्हणतात, “आमच्याकडे बाग आहे.” बाग नाही. बागेचा संकल्प आहे.

संकल्प पुरा करायचा तर जमीन संपादन करावी लागते, आणि इथे ॲरिस्टॉटलचा प्रश्न येतो: कसणार कोण, म्हणजे पैसे देणार कोण? कायद्याच्या कलम १२६ मध्ये तीन वाटा आहेत. मालकाशी ठरवून पैसे द्यायचे, किंवा पैशांऐवजी बांधकामाचे हक्क द्यायचे, किंवा भूसंपादन कायद्यानं घ्यायची. काही ठिकाणी चौथी एक तडजोड चालते, तिला समावेशक आरक्षण म्हणतात. मालकानं ठरलेला भाग बांधून पालिकेच्या ताब्यात द्यायचा आणि उरलेल्यावर स्वतःचं बांधायचं.

आणि या तिन्हीतलं काहीच झालं नाही तर? मग कलम १२७. मला विचाराल तर सामान्य नागरिकानं या कायद्यातलं एकच कलम वाचायचं असेल तर हे वाचावं. योजना अमलात आल्यापासून १० वर्षांत जमीन घेतली नाही, तर मालक नोटीस देऊ शकतो. नोटिशीनंतर ठरावीक मुदतीत, जी आधी ६ महिने होती, मग १२ झाली आणि आता २४ आहे, पालिकेनं संपादन केलं नाही किंवा त्यासाठी पावलं उचलली नाहीत, तर आरक्षण व्यपगत होतं. ‘व्यपगत’ हा सरकारी शब्द. साध्या मराठीत, संपतं. मग शेजारच्या जमिनीला जे करता येतं ते इथेही करता येतं.

मालकाच्या बाजूनं बघितलं तर हे कलम अगदी योग्य आहे. कोणाची जमीन किती वर्षं अडकवून ठेवायची? म्हाताऱ्या माणसाला मुलीच्या लग्नासाठी, आजारपणासाठी ती विकता येत नाही. पण दुसऱ्या बाजूला त्या वस्तीतली पोरं आहेत आणि त्यांना नोटिशीची प्रत जात नाही. नोटीस जाते पालिकेत. तिथे ती टेबलावर पडून राहिली, की मैदान गेलं. कधी ती पडून राहते, कधी ठेवली जाते. फरक बाहेरून दिसत नाही.

इथे एका शब्दावर मोठा वाद झाला. ‘पावलं उचलली’ म्हणजे काय केलं? पालिका म्हणायची, आम्ही ठराव केला, प्रस्ताव पाठवला, पत्र लिहिलं. ही पावलंच आहेत. २००७ साली गिरनार ट्रेडर्स प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं बहुमतानं सांगितलं, की नुसता पत्रव्यवहार म्हणजे पाऊल नव्हे. संपादनाची प्रक्रिया खरोखर सुरू करणारी कृती हवी. तत्त्वज्ञानात आम्ही इच्छा, हेतू आणि कृती यांच्यात जो फरक करतो, तोच हा. न्यायालयानं तो भूखंडांना लावला इतकंच.

पुढचा शब्द चटई क्षेत्र निर्देशांक, म्हणजे एफएसआय. शब्द मोठा देखणा आहे. एकावर एक मजल्यांवर अंथरलेल्या चटया डोळ्यांपुढे येतात. हिशोब सोपा. भूखंड १,००० चौरस मीटरचा आणि निर्देशांक १, तर सगळे मजले मिळून १,००० चौरस मीटर बांधकाम. २५० चा एक मजला असे चार मजले, किंवा २०० चे पाच. भूखंडाच्या कडेनं जी जागा सोडावी लागते ती सामासिक अंतरं. ती सोडल्यावर इमारत किती पसरणार आणि किती उंच जाणार हे ठरतं. म्हणजे एफएसआय उंची सांगत नाही. आणि माणसं किती राहणार, हे तर अजिबातच सांगत नाही. त्याच १,००० चौरस मीटरमध्ये पाच श्रीमंत कुटुंबं राहतील किंवा चाळीस कुटुंबं दाटीवाटीनं राहतील. रस्त्यावर, नळावर, शाळेवर भार पडतो तो माणसांचा, चटयांचा नव्हे. शिरीष पटेल, ज्यांनी चार्ल्स कोरिया आणि प्रवीणा मेहता यांच्याबरोबर १९६५ मध्ये खाडीपलीकडे नवी मुंबई वसवण्याची कल्पना मांडली, ते हाच मुद्दा वर्षानुवर्षं सांगत राहिले: एफएसआय वाढवायचा तर आधी रस्ते आणि मोकळी जागा माणशी किती उरते ते मोजा.

एफएसआयचं भावंड म्हणजे टीडीआर, हस्तांतरणीय विकास हक्क. आरक्षणाखालची जमीन पालिकेला दिली की पैशांऐवजी प्रमाणपत्र मिळतं, आणि त्यावरचं बांधकाम दुसरीकडे करता येतं किंवा ते विकता येतं. पालिकेच्या तिजोरीतून रुपया जात नाही. मुंबईच्या १९९१ च्या नियमांत हे आलं आणि तेव्हा ते बेटावरच्या शहरात वापरायला बंदी होती, उपनगरांतच वापरायचं. दक्षिणेतल्या भूखंडाची भरपाई उत्तरेतल्या गल्ल्यांनी सोसली, असं मी म्हणेन. शिवाय आता अधिमूल्य भरून जादा एफएसआय मिळतो. मर्यादा घालणाऱ्यानंच मर्यादा विकायला काढली, तर ती मर्यादा होती की किंमत, हा प्रश्न मला पडतो.

आता मुंबईच्या गिरण्यांकडे येतो. एका शब्दाची ताकद तिथे दिसते. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले, आणि पुढे एकेक गिरणी बंद होत गेली. लालबाग-परळ भागात गिरण्यांची सुमारे ६०० एकर जमीन होती. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमांतला ५८ वा नियम असा होता, की गिरणीची जमीन विकसित करायची तर ढोबळमानानं तीन वाटे करायचे: एक पालिकेला मैदान-बागांसाठी, एक म्हाडाला घरांसाठी, एक मालकाला. २००१ मध्ये नियम बदलला. तीन वाटे कायम राहिले. फक्त वाटणी कशाची करायची, ते बदललं. वाटणी होईल ती जी जमीन आधीपासून मोकळी होती तिची. गिरणीच्या इमारती पाडून जी जमीन मोकळी होईल, ती धरायची नाही.

समजा, गिरणी १२ एकरांची आहे आणि तिच्यात २ एकर मोकळं अंगण आहे. हे आपलं समजण्यापुरतं उदाहरण. आधीच्या अर्थानं पालिकेला सुमारे ४ एकर, म्हणजे १६० गुंठे मिळाले असते. नव्या अर्थानं सुमारे २७ गुंठे. ‘मोकळी’ या एका विशेषणाची ही किंमत. लोक न्यायालयात गेले. उच्च न्यायालयानं ऑक्टोबर २००५ मध्ये त्यांच्या बाजूनं निकाल दिला, मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो फिरवला आणि २००१ ची दुरुस्ती कायम केली. निकालाचा मान ठेवूनही मला वाटतं, की लढाई न्यायालयात जाईपर्यंत उशीर झालेला होता. ती २००१ मध्ये, तो शब्द घातला जात असताना व्हायला हवी होती. तेव्हा किती जणांनी ती अधिसूचना वाचली?

म्हणून शेवटी प्रक्रियेचे शब्द. आधी प्राधिकरण योजना करण्याचा इरादा जाहीर करतं. मग सर्वेक्षण. मग प्रारूप योजना प्रसिद्ध होते आणि हरकती व सूचना मागवतात. मुदत साधारण ३० दिवसांची, पण नोटिशीत असेल तीच खरी धरायची. मग नियोजन समिती बसते. तिच्यात स्थायी समितीचे तीन सदस्य आणि जास्तीत जास्त चार तज्ज्ञ. हरकत घेणाऱ्याला म्हणणं मांडायची संधी समितीनं द्यायची असते. मग राज्य शासनाची मंजुरी. शासन तिथे बदल करू शकतं, पण तो बदल ‘सारभूत’ असेल तर पुन्हा हरकती मागवाव्या लागतात. ‘सारभूत’ शब्द बघून आमच्यासारख्याला घरी आल्यासारखं वाटतं. कायद्यानं कलम २२अ मध्ये अशा बदलांची यादीच देऊन टाकली आहे. ॲरिस्टॉटलला एवढ्यावर भागलं नसतं.

मंजुरीनंतरही योजना बदलता येते, कलम ३७ खाली, योजनेचं स्वरूप बदलत नसेल तर. आता वाळूच्या ढिगाचं जुनं कोडं आठवा. ढिगातला एक कण काढला तर तो ढीग राहतो. आणखी एक काढला, तरी राहतो. मग तो ढीग राहत नाही तो कधी? हे कोडं युब्युलिडीसच्या नावावर आहे आणि योगायोग असा, की तोही मिलेटसचाच. कलम ३७ खाली एक खेळाचं मैदान निवासी झालं, योजनेचं स्वरूप बदललं नाही. दुसऱ्या वर्षी एक मंडई गेली, तरी बदललं नाही. प्रत्येक फेरबदलाची सूचना स्वतंत्र येते, आत कुठेतरी, बारीक टाइपात. सगळ्या फेरबदलांची बेरीज करून विचारणारं कोणी नसतं.

(श्रोत्यांमधून प्रश्न: आमच्या भागातलं आरक्षण शाबूत आहे का, हे आम्ही बघायचं कसं?)

चांगला प्रश्न आहे. आधी त्या जागेचा सर्व्हे नंबर किंवा सिटी सर्व्हे नंबर मिळवा. मग महापालिकेच्या नगर रचना विभागात अर्ज करून भाग नकाशा आणि झोन दाखला घ्या. बऱ्याच पालिकांच्या संकेतस्थळावर मंजूर योजनेचे नकाशेही असतात. त्यावर आरक्षणाचा क्रमांक असेल. योजना अमलात आल्याची तारीख शासनाच्या मंजुरीच्या अधिसूचनेत मिळेल. तिच्यात १० वर्षं मिळवा. ती तारीख उलटून गेली असेल, तर माहितीच्या अधिकारात दोनच गोष्टी विचारा: या आरक्षणावर कलम १२७ ची नोटीस आली आहे का, आणि आली असेल तर कोणत्या दिवशी. उत्तर आल्यावर नोटिशीच्या तारखेपासून २४ महिने मोजा आणि जे दिवस उरले असतील तेवढ्यात आपल्या नगरसेवकाला, आयुक्तांना लेखी पत्र द्या. पोच घ्यायला विसरू नका.